फुकटात आलेली चकती

मैत्रिणींनो, रानातून येऊन हातपाय धुतले असतील, चूल नाहीतर गॅस पेटला असेल, तर रेडिओचा आवाज थोडा मोठा करा. आज मी बचतीचा हिशोब सांगायला आलेली नाही, थकलेल्या हप्त्यांची यादीही आणलेली नाही. आज एका चकतीची गोष्ट सांगणार आहे. सीडीची.

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या गटाकडे दोन पोती सीडी आल्या. एका कार्यालयाची साफसफाई चालली होती. शिपाईदादा म्हणाले, "ताई, भंगारवाला घेत नाही, जाळायला मन होत नाही. तुमच्या बायका काहीतरी करतील बघा." पोती उघडली तर आत काय नव्हतं! बियाणं कंपन्यांच्या जाहिराती, कुठल्याशा निवडणुकीतली प्रचाराची गाणी, योजनांची माहिती, संगणकाच्या मासिकांबरोबर आलेल्या सीडी, मोबाईलच्या खोक्यातून निघालेल्या सीडी. निम्म्यांचं वरचं पाकीटसुद्धा कुणी फोडलं नव्हतं.

गटातल्या एक काकू चकती उलटीसुलटी करत म्हणाल्या, "एवढी चकाकती वस्तू फुकट वाटली? पैसे कुणी भरले गं याचे?"

काकूंनी सहज विचारलं, पण माझ्या डोक्यातून तो प्रश्न जाईना. बी. ए.ला माझा इतिहास विषय होता. तेव्हा वाटायचं, इतिहास म्हणजे गड, लढाया आणि तह. आता कळतं की घरातल्या प्रत्येक वस्तूच्या पोटात थोडा थोडा इतिहास असतो. म्हणून मी या चकतीचा माग काढायला बसले, आणि गोष्ट जाऊन पोचली थेट आपल्या बोरमाळेपर्यंत.

बोरमाळेचे मणी आतून पोकळ असतात आणि सोनार त्यात लाख भरतो, हे तुम्हाला माहीत आहे. ही लाख म्हणजे एका बारीक किड्याने पळसाच्या, बोरीच्या, कुसुमाच्या फांदीवर केलेलं कवच. छोटा नागपूरच्या जंगलात आणि आपल्या विदर्भाच्या पूर्वेकडच्या रानात लोक ती फांद्यांवरून खरवडून काढत आले आहेत. एमिल बर्लिनर नावाच्या माणसाने १८८७ साली ग्रामोफोनची सपाट तबकडी काढली. पुढे काही वर्षांनी या तबकड्या लाखेच्या होऊ लागल्या. लाख, दगडाची भुकटी आणि थोडी काजळी एकत्र मळून, गरम करून ती साच्यात दाबायची. लाख तापली की मऊ होते आणि निवली की दगडासारखी घट्ट होते, म्हणून ती या कामाला सोयीची.

१९०२ साली कोलकात्यात गौहरजान या गायिकेचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. ते इथे नोंदलं, पण त्याच्या तबकड्या तयार झाल्या जर्मनीतल्या हॅनोवर शहरात. म्हणजे आपल्या रानातली लाख आणि आपल्या गायिकेचं गाणं, दोन्ही समुद्र ओलांडून गेली आणि काळी चकती होऊन परत आपल्याच बाजारात विकायला आली. नंतर १९०८ मध्ये कोलकात्यातच कारखाना निघाला, तेव्हा हा फेरा वाचला.

जुन्या तबकड्यांचं काय करायचं, हा प्रश्न तेव्हाही पडला होता. दुसऱ्या महायुद्धात जपान युद्धात उतरला आणि भारतातून अमेरिकेला जाणारी लाख अडली. जी होती ती लष्कराला हवी होती. १९४२ साली अमेरिकेच्या सरकारने तबकड्यांसाठी वापरायची लाख ७० टक्क्यांनी कमी केली. मग दुकानदार म्हणू लागले, नवं गाणं हवं असेल तर घरातली जुनी तबकडी आणून द्या. जुन्या तबकड्या दळून त्यांच्या लगद्यातून नव्या निघाल्या. तुम्ही मोड देऊन नवा दागिना घडवता ना, तसंच. यात एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. तबकडी दळली की तिच्यावरचं गाणंही दळलं जातं. लाख परत मिळते, आवाज परत मिळत नाही. हे वाक्य मी पुढे पुन्हा काढणार आहे.

आता सीडीकडे येऊ. फिलिप्स ही हॉलंडची कंपनी आणि सोनी ही जपानची कंपनी, या दोघींनी मिळून ती घडवली. १७ ऑगस्ट १९८२ रोजी पहिल्या विक्रीच्या सीडी एका कारखान्यातून बाहेर पडल्या. कारखाना कुठे, तर हॅनोवर शहराला लागून. गौहरजानच्या तबकड्या जिथे दाबल्या, त्याच मुलखात! त्याच वर्षी ऑक्टोबरात जपानमध्ये सीडी वाजवायचं यंत्र दुकानात आलं.

सीडीची रुंदी १२ सेंटिमीटर, जाडी सव्वा मिलिमीटरहून किंचित कमी, मधलं भोक दीड सेंटिमीटर. बहुतेक सगळी पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक प्लास्टिकची. त्यावर अॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर, त्यावर लाखेसारखं दिसणारं रोगण आणि सगळ्यात वर छापील चित्र. ती ज्या बाजूने वाचली जाते तिथे जाड प्लास्टिक असतं. खरी नाजूक बाजू चित्राची, कारण तिथे अॅल्युमिनियमवर फक्त रोगणाचा पापुद्रा आहे. आपण मात्र आयुष्यभर चकाकती बाजू जपत आलो आणि चित्राच्या बाजूने चकती टेबलावर घासत आलो.

तिच्यावरचे रंग कुठून येतात, तेही ऐका. सीडीवर माहितीची एकच रेघ असते. ती मधून सुरू होते आणि गोल गोल फिरत बाहेर जाते. सरळ केली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. तिचे वेढे इतके जवळ जवळ असतात की आपल्या एका केसाच्या जाडीत चाळीसेक वेढे बसतात. उजेड या बारीक रेघांवर आपटला की त्याचे रंग वेगवेगळे होऊन परततात. मोरपिसाचं निळं-हिरवंही बरंचसं असंच होतं. त्या निळाईचा रंग काढायला गेलं तर हाती लागत नाही, कारण ती सगळी करामत बांधणीची असते.

आता काकूंचा प्रश्न, फुकट वाटलेल्या चकतीचे पैसे कोण भरतं?

यासाठी अमेरिकेत जावं लागेल. १९९०च्या दशकात तिथे अमेरिका ऑनलाइन नावाची कंपनी होती. लोक तिला एओएल म्हणत. घरच्या टेलिफोनच्या तारेवरून संगणक इंटरनेटला जोडून द्यायचा, हा तिचा धंदा. पण इंटरनेट म्हणजे काय, हेच लोकांना ठाऊक नव्हतं. तेव्हा जॅन ब्रँट नावाच्या बाई कंपनीच्या जाहिरातीचं काम बघायला आल्या. त्यांनी ठरवलं, सांगत बसायचं नाही, हातात द्यायचं. १९९३ पासून कंपनी घरोघरी टपालाने फुकट फ्लॉपी पाठवू लागली. फ्लॉपी संगणकात घाला, काही तास फुकट वापरा, आवडलं तर महिन्याचे पैसे भरा.

आपल्या आठवडी बाजारात द्राक्षवाला पहिला मणी हातावर ठेवतो, "खाऊन बघा ताई" म्हणतो. तीच युक्ती. फरक एवढाच की द्राक्ष खाल्लं की संपतं.

फ्लॉपीला एक गुण होता. ती पुसून पुन्हा वापरता यायची. तिच्या कोपऱ्यातल्या भोकावर चिकटपट्टी लावली की कंपनीचा मजकूर पुसायचा आणि आपला भरायचा. त्यामुळे अमेरिकेतली मुलं आणि विद्यार्थी खूश. दुकानातून फ्लॉपी विकत आणायची गरज नाही, टपालवाला आणून देतो! फुकट वस्तूचा दुसरा उपयोग तिच्या अंगातच होता.

पुढे फ्लॉपी गेली आणि सीडी आली. मासिकात सीडी, नाश्त्याच्या पोह्यांसारख्या खोक्यात सीडी, दुकानाच्या गल्ल्यावर सीडी, टपालपेटीत तर रोजच. कारखान्यात दाबलेली सीडी पुसता येत नाही. तिच्यावर एकदा जे उमटलं ते उमटलं. एकेका घरात पाच-पाच, दहा-दहा जमा झाल्या. एके काळी जगात निघणाऱ्या निम्म्या सीडींवर आमचंच चिन्ह होतं, असं ब्रँटबाईंनी पुढे सांगितलं. या कामावर ३० कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला, असंही त्या म्हणाल्या. कंपनीचं मात्र भलं झालं. त्या आल्या तेव्हा सुमारे दोन लाख ग्राहक होते, २००२ च्या सुमारास अडीच कोटींच्या वर गेले.

म्हणजे काकू, चकतीचे पैसे त्या अडीच कोटी लोकांच्या महिन्याच्या बिलातून निघाले. कचरा झाला त्याचे पैसे मात्र कंपनीने भरले नाहीत. ते गावोगावच्या नगरपालिकांवर पडले, आणि पॉलिकार्बोनेट काही शेणासारखं मातीत मिसळत नाही.

लोकांनी मग डोकं चालवलं. कुणी चहाच्या कपाखाली ठेवली, कुणी मधल्या भोकात काटे बसवून घड्याळ केलं, कुणी बागेत पक्ष्यांसाठी टांगली. काही सीडी पत्र्याच्या डब्यांतून आल्या, त्या डब्यांत लोकांनी खिळे आणि बटणं भरली. २००१ साली कॅलिफोर्नियातल्या दोघांनी ठरवलं की दहा लाख सीडी गोळा करायच्या आणि गाड्या भरून कंपनीच्या दारात नेऊन ओतायच्या. देशोदेशींच्या लोकांनी आपापल्या पैशाने त्यांना सीडी पाठवल्या. दहा लाख झाल्या नाहीत, चार लाखांच्या वर जमल्या आणि २००७ मध्ये त्यांनी काम थांबवलं. तोवर टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेटच मागे पडत चाललं होतं, सीडी येणंही थांबत आलं होतं.

इंग्लंडमध्ये वेगळंच झालं. ब्रूस मन्रो नावाच्या कलावंताने लोकांकडून नको असलेल्या सीडी मागवल्या. त्याच्याकडे सहा लाख जमल्या. २०१० च्या उन्हाळ्यात त्याने विल्टशायरमधल्या एका कुरणात त्या चकत्या शेजारी शेजारी अंथरल्या. लांबून बघणाऱ्याला गवतात समुद्र चमकतोय असं वाटायचं. मला त्याची आवडलेली गोष्ट पुढची. काम संपल्यावर त्याने त्या उचलल्या आणि वितळवून पुन्हा वापरायला पाठवल्या. मांडलेला पसारा आवरला. आपल्याकडे मखर मांडणारे पुष्कळ असतात, आवरायला घरची बाईच लागते, म्हणून सांगितलं.

आपल्या देशात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ पासून, तेही आधी मोठ्या शहरांत. ते इतकं हळू चालायचं की मोठी गोष्ट त्यावरून उतरवणं परवडायचं नाही. म्हणून चिप, डिजिट अशी संगणकाची मासिकं अंकाबरोबर सीडी द्यायची आणि मुलं त्या सीडीसाठी अंक घ्यायची. खेड्यात सीडी आली ती सिनेमाच्या रूपाने. भाड्याने सीडीचं यंत्र आणायचं आणि गल्लीने मिळून रात्रभर तीन सिनेमे बघायचे, हे माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. लग्नाचा अल्बम जाऊन लग्नाची सीडी आली. मग निवडणुकीची आली, खताची आली, प्रशिक्षणाची आली. प्रत्येक प्रशिक्षणाला पिशवी, वही, पेन आणि सीडी. ती लावायची कशात, हे कुणी विचारलं नाही. माझ्या गटात तेव्हा चौदा बायका होत्या आणि सीडीचं यंत्र एकीच्याच घरी होतं, तेही लेकीच्या सासरहून दुरुस्तीला आलेलं.

आज ती यंत्रंही गेली. नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नसते. राहिल्या फक्त चकत्या.

तर आम्ही आमच्या दोन पोत्यांचं काय केलं, ते सांगते. जमलं तेही सांगते, फसलं तेही सांगते.

पहिलं, रानात टांगल्या. ज्वारी दाण्यात आली की राघू आणि चिमण्या येतात. आपल्या आजीच्या काळी माळा घालून, हातात गोफण घेऊन पोरीबाळी राखणीला बसायच्या, शाळा बुडायची. आम्ही दोन सीडींच्या चकाकत्या बाजू बाहेर ठेवून त्या पाठीला पाठ चिकटवल्या आणि सुतळीने काठीला बांधल्या. वाऱ्याने फिरल्या की उजेड सगळीकडे उडतो. चार-सहा दिवस पाखरं बुजली, मग सरावली. तेव्हा दर तिसऱ्या दिवशी जागा बदलायची, सोबत चमकणारी पट्टी लावायची आणि मधून मधून डबाही वाजवायचा. नुसत्या चकतीवर विसंबलात तर कणसं रिकामी होतील. आणि सुगी झाली की चकत्या उतरवून आणायच्या. उन्हापावसाने त्यांचा चमकता थर पापुद्र्यासारखा सुटतो, तो मातीत आणि कडब्यात जायला नको.

दुसरं, मखर. २०१८ पासून आपल्या राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून गौरी-गणपतीच्या सजावटीला काहीतरी दुसरं लागतंच. पुठ्ठ्यावर सीडी मांडून मागे लावल्या की समईच्या उजेडात सुरेख दिसतात. गेल्या गणपतीत आमची अकरा मखरं गेली. रंग, पुठ्ठा, डिंक यांचा खर्च जाऊन प्रत्येकीला हातखर्चाला पैसे सुटले. श्रीमंत कुणी झालं नाही. मात्र मखर परत आणून देणारीला पुढच्या वर्षी सवलत द्यायची, असं आम्ही ठरवलं. विल्टशायरच्या कलावंताकडून एवढं शिकलो.

तिसरं, बांगड्यांचं. पन्नास-शंभर सीडी एकत्र यायच्या तो गोल डबा आठवतो? मध्ये उभी दांडी असते. त्या दांडीवर बांगड्या ओवून ठेवायच्या. फुटत नाहीत आणि धूळही बसत नाही. हा उपयोग गटातल्या सगळ्यात धाकट्या सुनेने शोधला, आणि सगळ्यात जास्त मागणी त्यालाच आहे.

लेकरांसाठी भोकात गोटी बसवून भिंगरी केली. रांगोळीला गोल काढायला एक चकती कायम देवळीत ठेवली.

आता फसलेलं. सीडी कात्रीने कापायला गेलो तर तडकली आणि एक कपची उडून एका ताईच्या भुवईला लागली. डोळा बोटभर अंतराने वाचला. तेव्हापासून कापायची असेल तर आधी गरम पाण्यात बुडवून ठेवायची, जाड कात्री घ्यायची, डोळ्याला चष्मा लावायचा आणि लेकरांना लांब बसवायचं. दुसरं, गॅसवरून उतरलेली कढई नाहीतर तवा सीडीवर ठेवायचा नाही. चहाचा कप चालेल. खायच्या पदार्थाला ताटली म्हणून वापरायची नाही. आणि चुलीत तर मुळीच घालायची नाही, तो धूर आपल्याच छातीत जातो.

तिसरी चूक जिवावरची आहे, म्हणून नीट ऐका. ऊसतोडीच्या हंगामात बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात. मागून येणाऱ्याला दिसावी म्हणून आमच्या एका मावशींनी मालकांच्या गाडीला मागे चार सीडी बांधल्या. कल्पना चांगली वाटली. एका रात्री आम्ही मोटरसायकलचा दिवा लावून लांबून बघितलं. एका जागेवरून चमकली, आणि दोन पावलं बाजूला सरकलो तर काळोख. असं का होतं? रस्त्यावरचा तांबडा रिफ्लेक्टर उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतो, म्हणून चालकाला तो दिसतोच. सीडी आरशासारखी असते, उजेड भलतीकडेच फेकते. तेव्हा सीडी गाडीच्या शोभेला लावा, पण रिफ्लेक्टरच्या जागी लावू नका. त्या मावशींना गटाच्या पैशातून रिफ्लेक्टरची पट्टी घेऊन दिली आणि पुढच्या बैठकीत तो खर्च सगळ्यांनी मंजूर केला.

आता शेवटची चूक. ती माझी आहे.

बारा वर्षांपूर्वी मी सहयोगिनी म्हणून नवी होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गटातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या आजींनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या. माहेरच्या, भावाच्या, पंढरीच्या वाटेच्या. शाळेतल्या एका सरांनी त्या नोंदवल्या आणि सीडी करून मला दिली. वरती पेनाने फक्त तारीख लिहिली होती. मी ती कपाटात ठेवली. लावून ऐकायला घरी यंत्र नव्हतं, आणि मग कामाच्या रगाड्यात विसरले. आजी पाच वर्षांपूर्वी गेल्या.

गेल्या वर्षी पोती आली तेव्हा उत्साहाच्या भरात मी माझं कपाटही आवरलं आणि आतल्या दहा-बारा सीडी पोत्यात टाकल्या. बघितल्या नाहीत. दिवाळीच्या आधी बैठकीत आजींच्या लेकीने, म्हणजे आमच्या मावशींनी, विचारलं, "ताई, आईची ती सीडी आहे ना तुमच्याकडं? नातीच्या बारशाला लावू म्हणते." मी घरी गेले, कपाट उघडलं, आणि माझ्या पोटात गोळा आला. भिंतीवर लावायच्या एका कमळाच्या पाकळीवर मला पेनाने लिहिलेल्या तारखेचे अर्धे आकडे सापडले.

मावशी रागावल्या नाहीत. पाकळी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कमळ चांगलं केलंय बायांनी." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

लाख परत मिळते, आवाज परत मिळत नाही, असं मी म्हटलं होतं ते याच्यासाठी.

म्हणून आता आमच्या गटाचा नियम तुम्हाला सांगते. कुठलीही सीडी कापण्याआधी, टांगण्याआधी उलटी करून उजेडात धरा. खालची बाजू निव्वळ चांदीसारखी असेल तर ती बहुधा कारखान्यात दाबलेली. तिच्या हजारो भावंडं असतात, खुशाल वापरा. खालची बाजू हिरवट, निळसर, जांभळट दिसली तर थांबा. ती कुणीतरी संगणकावर भरलेली आहे आणि तिची दुसरी प्रत असेल की नाही, सांगता येत नाही. अशा चकतीत एक रंगाचा थर असतो, त्यावर लेझरच्या उजेडाने नोंद होते. नीट बघितलं तर मधल्या भोकाकडून बाहेरपर्यंत दोन छटा दिसतात. नोंद आतून बाहेर होते, म्हणून आतला पट्टा भरलेला आणि बाहेरचा कोरा. म्हणजे किती भरली आहे, हे यंत्र नसतानाही डोळ्यांनी कळतं. असली चकती उन्हात ठेवू नका, उन्हाने तो रंग उडतो आणि नोंद जाते. जिच्याकडे अजून सीडीचा संगणक आहे तिच्याकडे घेऊन जा, ऐका, बघा, आणि कामाचं निघालं तर दोन ठिकाणी उतरवून ठेवा. एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसरीच्या घरी.

या नियमाने आम्ही उरलेलं पोतं पुन्हा तपासलं. सत्तावीस चकत्या रंगीत निघाल्या. बहुतेकांत कार्यालयाचे कागद होते, ते परत दिले. एकीत आमच्याच गावच्या यात्रेचं चित्रण निघालं, त्यात आता नसलेली चार माणसं चालता-बोलताना दिसली. त्यांच्या घरच्यांना बोलावून दाखवलं.

आजींच्या ओव्या मिळाल्या नाहीत. मावशी, त्यांची चुलत जाऊ आणि आजींच्या धाकट्या बहीण अशा तिघी एका दुपारी जुन्या जात्यापाशी बसल्या. नुसतं बसून आठवेना. मग जात्यात मूठभर ज्वारी टाकली, खुंट्याला हात लावला, आणि ओव्या एकामागून एक येऊ लागल्या. एकीने पहिली ओळ धरली की दुसरीला पुढची आठवायची. तेरा ओव्या झाल्या. आजींनी चाळीसच्या वर म्हटल्या होत्या. तेरा तर तेरा. त्या आम्ही नोंदवल्या, तीन ठिकाणी ठेवल्या, आणि नातीच्या बारशाला लावल्या. आवाज आजींचा नव्हता, पण हेल तोच होता.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एक काम करा. फळीवरच्या, कपाटातल्या, टीव्हीमागच्या सीडी खाली काढा आणि उजेडात धरा. चांदीच्या असतील त्या आमच्याकडे पाठवा, पुढच्या गणपतीला मखरं करायची आहेत. रंगीत निघतील त्या घेऊन दर बुधवारी बाजाराच्या दिवशी गटाच्या खोलीवर या. सीडी लागणारा एक जुना संगणक आम्ही दुरुस्त करून ठेवलाय. ऐकायचे पैसे नाहीत. हे फुकट मात्र खरंच फुकट आहे.

येते मी. नमस्कार.